हिक्कीम : लोकवस्ती आणि टपालव्यवस्था

हिमाचल प्रदेशातील लाहौल व स्पिती जिल्ह्यात, स्पिती उपविभागाचे मुख्य ठाणे असलेल्या काझाच्या वर वसलेले हे लहान गाव. उंची सुमारे ४,४०० मी. गावातील शाखा डाकघर ५ नोव्हेंबर १९८३ रोजी सुरू झाले. त्याची ‘जगातील सर्वांत उंच पोस्ट’ अशी ख्याती आहे, पण ती शब्दशः घेऊ नये. एव्हरेस्टच्या तिबेटकडील तळावर सुमारे ५,२०० मी. उंचीवर चिनी टपालखात्याची हंगामी सेवा चालते. हिक्कीमचे वेगळेपण असे की ही पोस्ट गिर्यारोहकांच्या मोसमापुरती उभारलेली नाही. शेतकरी, मेंढ्या-याक पाळणारी कुटुंबे आणि मठातील भिक्षू यांच्या रोजच्या गरजेसाठी ती आहे.

काझा ३,६५० मी.वर, स्पिती नदीच्या काठी आहे. तिथून हिक्कीम रस्त्याने सुमारे १५ किमी. पायवाट त्याहून जवळची, पण अंगावर येणारी : एका दमात साडेसातशे मीटरांची चढण. वर्तमानपत्रांत टपाल्याच्या ४६ किमी पायपिटीचा आकडा वर्षानुवर्षे फिरतो. तो या अंतराशी जुळत नाही. मात्र विरळ हवेत थैली पाठीवर घेऊन उतरायचे आणि पुन्हा चढायचे, यात किलोमीटरपेक्षा चढणच जास्त मोजावी लागते. लांगझा, कोमिक आणि डेमुल ही आसपासची गावे याच पोस्टावर अवलंबून आहेत. कोमिक तर हिक्कीमपेक्षाही वर आहे आणि तिथे तिबेटी बौद्धांच्या साक्य पंथाचा मठ आहे.

लोकवस्ती. २०११ च्या जनगणनेत लाहौल व स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४ होती. २००१ मध्ये ती ३३,२२४ होती, म्हणजे दहा वर्षांत पाच टक्के घट. क्षेत्रफळ १३,८०० चौ. किमी.हून थोडे अधिक असल्याने घनता दर चौ. किमी.ला अवघी दोन माणसे. पण जिल्ह्याचा एकत्रित आकडा स्पितीबद्दल चुकीचे चित्र उभे करतो. घट लाहौलमध्ये झाली. स्पितीची लोकसंख्या याच काळात १०,६७९ वरून १२,४५७ वर गेली. रोहतांग खिंडीपलीकडचा लाहौल कुलू-मनालीला जोडलेला, तिथल्या कुटुंबांनी खाली कुलू खोऱ्यात जमिनी आणि घरे घेतली. स्पितीकरांना ती सोय फारशी नव्हती.

इथली वस्ती विरळ राहण्यामागे पाणी आणि वारसा अशी दोन कारणे आहेत. बर्फ वितळून येणारे पाणी कालव्याने शेतापर्यंत नेता येईल तिथेच गाव वसते, आणि त्या पाण्यावर जेवढे जव आणि मटार पिकतील तेवढीच घरे टिकतात. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून स्पितीत थोरल्या मुलाकडे सगळी जमीन जाण्याची रीत होती. त्याचे लग्न झाले की तो ‘खांगचेन’ म्हणजे मोठ्या घराचा धनी होई आणि आईवडील ‘खांगचुंग’ म्हणजे लहान घरात राहायला जात. धाकटे मुलगे मठात जात, काही मुली भिक्षुणी होत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घरांची संख्या जवळपास स्थिर राहिली. आता धाकटे मुलगे मठाऐवजी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शिमला, चंदीगड, दिल्ली गाठतात. टपालाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. मठातला भाऊ तासाभराच्या वाटेवर होता; चंदीगडच्या भावाचे पत्र, पार्सल, बँकेचे कार्ड पोस्टातून येते.

जनगणनाही इथे देशाच्या वेळापत्रकाने होत नाही. देशभर फेब्रुवारीत शिरगणती होते तेव्हा ही गावे बर्फाखाली असतात. म्हणून बर्फाच्छादित भागांतली मोजणी आधीच्या सप्टेंबरात उरकतात आणि संदर्भदिनांक १ ऑक्टोबर धरतात. २०११ च्या जनगणनेसाठी तो १ ऑक्टोबर २०१० होता. २०२७ च्या जनगणनेसाठी १ ऑक्टोबर २०२६ जाहीर झाला आहे. पण सप्टेंबर हा मटार काढण्याचा आणि रस्तेकामाचा मोसम. बिहार, झारखंड, नेपाळहून आलेले मजूर त्या वेळी तंबूंत मुक्कामाला असतात, आणि माणूस ज्या ठिकाणी आढळतो तिथे त्याची नोंद होते. जिल्ह्यातील दर हजार पुरुषांमागे ९०३ स्त्रिया हे २०११ चे प्रमाण वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मठांची गणना संस्थात्मक कुटुंब म्हणून वेगळी होते. हिवाळ्यात प्रत्यक्ष गावात किती चुली पेटतात याचे उत्तर कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. ते डाकसेवकाला ठाऊक असते.

पोस्ट उघडण्याचे निकष. एवढ्या थोड्या वस्तीसाठी पोस्ट कशी परवडते, याचे उत्तर टपालखात्याच्या नियमांत आहे. सपाटीवरच्या ग्रामीण भागात शाखा डाकघरासाठी गावांच्या गटाची लोकसंख्या ३,००० लागते, आणि अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या किमान एकतृतीयांश असावे लागते. डोंगरी, आदिवासी आणि मागास भागांत एका गावाची ५०० किंवा गटाची १,५०० लोकसंख्या चालते आणि उत्पन्नाची अट १५ टक्क्यांवर येते. दोन पोस्टांमधले ३ किमी.चे अंतरही डोंगरात शिथिल करता येते. म्हणजे शंभर रुपये खर्चामागे पंचाऐंशी रुपयांची तूट खाते आधीच गृहीत धरते. स्पितीसारख्या ठिकाणी पोस्ट उभी आहे ती याच तुटीच्या तरतुदीवर. तिकिटांच्या विक्रीवर ती एक महिनाही चालली नसती.

शाखा डाकघर चालवणारा डाकपाल हा ग्रामीण डाकसेवक असतो. तो खात्याचा पूर्णवेळ नोकर नव्हे. चार-पाच तासांच्या कामाचा भत्ता त्याला मिळतो, दुसरे उपजीविकेचे साधन असणे अपेक्षित असते, आणि कार्यालयाची जागाही बहुधा त्यालाच द्यावी लागते. हिक्कीमची पोस्ट म्हणूनच अनेक वर्षे पांढऱ्या मातीच्या घरातील एका खोलीत होती, बाहेर भिंतीला लाल पेटी. २०२२ मध्ये टपालपेटीच्याच आकाराची नवी इमारत उभी राहिली. पर्यटक आता तिच्यासमोर फोटो काढतात.

टपालाचा प्रवास. हिक्कीमला स्वतःचा पिनकोड नाही. काझा उपडाकघराचा १७२११४ हाच त्याचाही. पहिला १ म्हणजे उत्तर विभाग, १७ म्हणजे हिमाचल, १७२ हा टपाल वेगळे करण्याचा म्हणजे छाननी जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि संस्कृतचे नामांकित कवी.

हिक्कीमहून निघालेली थैली काझ्यात उघडते. तिथून बसने ताबो, सुमदो, नाको ओलांडत रेकाँग पिओ, सुमारे २०० किमी. पुढे रामपूर, शिमला आणि कालका-चंदीगडच्या दिशेने मैदानात. अडचण बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यातच येते. नाकोजवळचा मालिंग नाला हा कायमचा दरडींचा पट्टा. पावसाळ्यात किन्नौरमध्ये रस्ता तुटला की शिमल्याकडचे टपाल तिकडेच साठते आणि काझ्याची बस रिकामी येते. कुंझुम खिंडीतून मनालीला जाणारा दुसरा रस्ता केवळ उन्हाळ्यापुरता. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, त्याने रोहतांग टळला, कुंझुम टळली नाही. स्पितीच्या टपालाला त्यामुळे लाहौलइतका फायदा झालेला नाही.

शाखेतले काम ठरलेल्या क्रमाने चालते. पेटीतली पत्रे काढून तिकिटावर तारखेचा शिक्का मारायचा. स्पीड पोस्टच्या वस्तू यादीत उतरवायच्या. दिवसभराचे व्यवहार दैनिक हिशेबात मांडायचे. मग पत्रे, यादी, हिशेब आणि मर्यादेपेक्षा जास्त झालेली रोकड थैलीत घालून तोंड सुतळीने बांधून सील करायचे. थैली काझ्याला पोचली की तिथला कारकून सील तपासतो, हिशेब जुळवतो आणि उलट थैलीतून हिक्कीमचे टपाल व मागितलेली रोकड पाठवतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हा दोन वेगळ्या नोंदींऐवजी एकच राहिली.

सगळ्यात नेहमीची अडचण रोकडीची. शाखेत किती रक्कम ठेवायची याला कमाल मर्यादा असते. पेन्शन, रोजगार हमीची मजुरी आणि बचत खात्यातून काढलेले पैसे एकाच आठवड्यात आले की ती मर्यादा पुरत नाही. मग पैसे मागवायचे, आणि ते पुढच्या थैलीने येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाने कोमिकहून पुन्हा यायचे. शाखा डाकघरांत आलेली हातयंत्रे नेटवर्क असेल तर पैशांचे व्यवहार पटकन नोंदवतात. ढगाळ दिवसात सौर पॅनल कमी पडले किंवा टॉवर बंद असला तर कागदावर लिहून नंतर भरावे लागते, आणि तारखा मागेपुढे होतात. थंडीत शिक्क्याच्या पॅडची शाई घट्ट होऊन ठसा पुसट उठतो. तो तिथल्या तिथे वाचून पाहणे आणि गरज पडल्यास पुन्हा मारणे हा साधा उपाय, पण घाईत राहून जातो.

पत्ता आणि वाटप. गावात रस्त्याला नाव नाही, घराला क्रमांक नाही. त्याहून मोठा घोळ नावांचा. स्पितीत आडनाव लावण्याची जुनी पद्धत नाही. तेन्झिन, ताशी, छेरिंग, दोर्जे, डोल्मा अशी नावे लामाकडून मिळतात, त्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येतात, आणि बऱ्याच नावांवरून स्त्री की पुरुष हेही कळत नाही. एका लहान गावात एकाच नावाची तीन माणसे असणे नवल नाही. त्यात सरकारी कागदावर इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे. म्हणून इथे पत्रावर माणसाच्या नावासोबत वडिलांचे नाव, घराचे नाव आणि गाव लिहावे. घराचे नाव हाच खरा पत्ता. माणसे बदलली तरी ते बदलत नाही. भिक्षूचे पत्र असेल तर मठाचे नाव हवेच, कारण दीक्षेनंतर नाव बदललेले असते आणि बँकेकडे जुने असते.

बँकेचे कार्ड किंवा आधारपत्र अशा नावघोळात चुकीच्या हाती पडू नये म्हणून सहीआधी ओळख पटवावी लागते. पत्तेदार नसेल तर वस्तू सात दिवस ठेवायची, मग ‘गाव सोडून गेला’ किंवा ‘सापडला नाही’ असा शेरा मारून परत. मैदानात ही मुदत पुरेशी आहे. इथे माणूस आठवडाभर याकांमागे वरच्या कुरणात असतो, किंवा महिनाभर खाली. अनुभवी डाकसेवक शेजाऱ्याकडे निरोप ठेवतो आणि शेरा मारण्याची घाई करत नाही. नवखा नियम पाळतो आणि पत्र परत जाते. साधी पत्रे मात्र काझ्याहून गावाकडे निघालेल्या कुणाच्याही हाती दिली जातात, याबद्दल कुणाची तक्रार नसते.

स्पितीत वाट तुटली की टपालही तुटते, याचे किब्बरजवळचे चिचम हे ठळक उदाहरण. दोन गावांमध्ये खोल घळ आहे. २०१७ मध्ये पूल होईपर्यंत माणसे आणि सामान तारेवरच्या, हाताने ओढायच्या झुल्यातून पलीकडे जात. टपालही त्याच पिंजऱ्यातून.

हिवाळा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून हिक्कीमचा रस्ता बर्फाने बंद होऊ लागतो आणि वर्षातला निम्मा काळ टपाल जवळपास थांबते. किन्नौरकडून काझ्यापर्यंत रस्ता अधूनमधून उघडा राहतो, त्यामुळे टपाल काझ्यात येऊन पडते. वरच्या गावातले कुणी धान्य किंवा औषध न्यायला खाली आले तर घेऊन जाते. परीक्षेचे बोलावणे, न्यायालयाचे समन्स, विम्याच्या हप्त्याची नोटीस यांना मुदत असते, आणि ती बर्फ ओळखत नाही. म्हणून ज्या कुटुंबांत शिकणारी मुले आहेत ती हिवाळ्यापुरता काझ्यातल्या नातेवाइकाचा पत्ता देतात.

पर्यटकांची कार्डे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हिक्कीमच्या पेटीतली बहुतेक पत्रे गावकऱ्यांची नसतात. पुण्या-मुंबईहून बाइकने किंवा गाडीने आलेले लोक इथे पोस्टकार्ड लिहितात, ते बहुधा स्वतःच्याच पत्त्यावर. कार्ड पोचत नाही अशी ओरड होते तिचे कारण क्वचितच डोंगर असतो. चित्राचे मोठे कार्ड पत्राच्या दरात मोडते; त्यावर पोस्टकार्डापुरतेच तिकीट लावले तर ते नॉटपेड ठरते आणि तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून मागितली जाते. पत्ता मराठीत चालतो, देवनागरी तिकडे वाचली जाते. पण पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहावा, कारण मराठी वळणाचे ५, ८ आणि ९ हिंदी वळणाहून निराळे दिसतात आणि छाननी आकड्यांवरच होते. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात टाकलेली कार्डे काझ्याला उतरण्याआधी बर्फ पडला, तर ती पुढच्या उन्हाळ्यात पोचतात, तारखेचा शिक्का मात्र आदल्या वर्षाचा.