हरकत नोंदवायची कुठे, कशी आणि कोणत्या कागदांवर: कोल्हापूरकरांसाठी माहिती

कोल्हापुरात मोर्चा कसा काढायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. दसरा चौकात माणसं जमली की सरकारला दखल घ्यावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने शहरातला टोल रद्द केला तो त्याच रेट्यामुळे. पण विकास आराखडा, पर्यावरण मंजुरी, भूसंपादन या गोष्टी फाइलवर ठरतात आणि फाइलीत घोषणा लागत नाहीत. तिथं लागतो तो आवक क्रमांक पडलेला अर्ज, तोही मुदतीत आलेला. त्यालाच 'हरकत व सूचना' म्हणतात. पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात 'जाहीर सूचना' छापून येते, आपण वाढदिवसाच्या शुभेच्छा बघत पान उलटतो आणि काही महिन्यांनी कळतं की दारासमोरचा रस्ता कागदावर बारा मीटरचा झालाय.

अर्ज कुणाकडे?

जमीन किंवा प्रश्न महापालिकेच्या हद्दीतला असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग. हद्दीबाहेरच्या, पण शहराला चिकटलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्या गावांच्या नियोजनाचा विषय तिकडे. गावाच्या वार्षिक आराखड्यासाठी ग्रामसभा. कारखाना किंवा खाण असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, ज्याचं इथलं कार्यालय जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ उद्योग भवनात आहे.

बरेच जण धोरणाचा विषय घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात जातात आणि हात हलवत परत येतात. तिथं फक्त वैयक्तिक तक्रार चालते. संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज घेतच नाहीत. तालमीचं किंवा कृती समितीचं निवेदन तिकडे नेण्यात अर्थ नाही.

विकास आराखड्यावर हरकत

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण आराखडा एकदा मंजूर झाला की पुढची वीसेक वर्षं तोच चालतो. कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा एकदा सूचना मागवल्या जातात. पण खरी वेळ येते ती कलम २६ खाली प्रारूप आराखडा, म्हणजे त्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर. राजपत्रात सूचना आल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात, फार मोठ्या शहरांना जास्त. सूचनेत छापलेली शेवटची तारीख हीच खरी, दुसऱ्या कुणाच्या तोंडच्या तारखेवर विसंबू नका.

पात्रतेचा प्रश्न सोपा आहे: हरकत कुणीही घेऊ शकतो. जागेचा मालकच असला पाहिजे अशी अट नाही. भाडेकरू, शेजारी, गल्लीतलं मंडळ, हाउसिंग सोसायटी, व्यापारी संघटना, डॉक्टरांची किंवा अभियंत्यांची संस्था, सगळ्यांना दार उघडं आहे. मालक नसलेल्याने आपला संबंध काय तो एका वाक्यात लिहावा. 'मी याच गल्लीत राहतो आणि प्रस्तावित रस्ता वाडीतल्या मुलांच्या एकुलत्या मैदानातून जातो' एवढं पुरतं.

अर्ज लिहिण्याआधी नकाशा प्रत्यक्ष जाऊन बघा. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि घरी मोठा करून बघायचा, यात रेषा घराच्या अलीकडे आहे की पलीकडे ते कळत नाही. प्रमाणित भाग नकाशा वाजवी किमतीत विकत देण्याची तरतूद कायद्यातच आहे. तो मागा, त्यावर आपली जागा रंगीत पेनने दाखवा आणि आरक्षणाचा, म्हणजे बाग-शाळेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा, क्रमांक उतरवून घ्या.

इथं कोल्हापूरची एक खास भानगड आहे. आपल्याकडे सिटी सर्व्हे नंबर ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांनुसार आहेत. नुसता 'सि.स.नं. अमुक' लिहिलात तर तोच नंबर दुसऱ्या वॉर्डातही निघू शकतो. म्हणून राजारामपुरीतल्या माणसाने 'ई वॉर्ड' लिहायलाच हवं. उपनगरातल्या कॉलन्यांना रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असतो, तिथं मूळ गावाचं नावही जोडा, कसबा बावडा असेल तर तसं.

जोडायचे कागद: जागा तुमची असेल तर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मोजणी नकाशा, बांधकाम परवाना, घरफाळ्याची पावती. रस्त्याबद्दल किंवा आरक्षणाबद्दल बोलत असाल तर आजच्या स्थितीचे तारखेसह फोटो. पुराचा मुद्दा असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरानंतर झालेल्या पंचनाम्याची प्रत जोडा, 'आमच्याकडे पाणी येतं' या वाक्यापेक्षा ती कितीतरी वजनदार. मात्र पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, नगररचना फक्त ती नकाशावर घेते. रेषाच चुकली आहे असं तुमचं म्हणणं असेल तर एक प्रत जलसंपदालाही द्या.

संस्थेच्या वतीने अर्ज असेल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, कार्यकारिणीचा ठराव आणि सुनावणीला जाणाऱ्या व्यक्तीच्या नावे अधिकारपत्र. नोंदणी नसलेल्या कृती समितीने चार-पाच जणांच्या सह्यांनी, पत्त्यांसह अर्ज द्यावा, म्हणजे सुनावणीची नोटीस कुणाला पाठवायची हा घोळ राहत नाही. कायद्याने हरकतीला शुल्क ठेवलेलं नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपरवर लिहून पैसे घालवू नका.

मजकूर असा असावा:

'विषय: प्रारूप विकास आराखड्यातील आरक्षण क्र. ___, सि.स.नं. ___, ई वॉर्ड, याबाबत कलम २६ अन्वये हरकत. सदर जागेवर मंजूर परवान्याने निवासी इमारत उभी आहे (परवान्याची प्रत जोडली आहे). आरक्षणासाठी लगतची मोकळी जागा, सि.स.नं. ___, उपलब्ध आहे. आरक्षण तिकडे हलवावे. मला समक्ष सुनावणी मिळावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि पर्याय सुचवाच. 'आरक्षण रद्द करा' एवढंच लिहिलेल्या अर्जावर 'सार्वजनिक हितास्तव अमान्य' असा शेरा मारणं समितीला फार सोपं जातं. बाग आमच्या घरावर नको, पण पलीकडच्या मोकळ्या जागेवर होऊ शकते, असं नकाशासह दाखवलं की निदान उत्तर द्यावं लागतं.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-बारनिशीत (कार्यालयात आलेले अर्ज घेऊन नोंदवतात तिथं) एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तुमची हरकत होती हे पुढे कुणी मान्य करणार नाही. झेरॉक्स काढून पाचशे सारखे अर्ज टाकायची आपल्याकडे हौस आहे. अशा अर्जांची सुनावणी बहुधा एकत्र उरकली जाते. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे दहा अर्ज द्यावेत असं माझं मत.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावणीची संधी मिळते ती मुदतीत लेखी हरकत दिलेल्यांना. मुदत संपल्यावर नगरसेवकाला घेऊन गेलात तर चहा मिळेल, सुनावणी मिळणार नाही. तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येतात, म्हणून तोंडी भाषण करण्यापेक्षा नकाशा टेबलावर पसरा आणि रेषेवर बोट ठेवून बोला. समितीच्या अहवालानंतर बदलांची यादी लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध होते आणि आराखडा शासनाकडे जातो. शासनाने कलम ३१ खाली मोठे फेरबदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी खिडकी बहुतेकांना माहीत नसते, कारण तोवर सगळे थकलेले असतात.

पर्यावरण जनसुनावणी

साखर कारखान्याची डिस्टिलरी असो की शाहूवाडी, राधानगरी, चंदगड पट्ट्यातली बॉक्साइट खाण, पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत बसणाऱ्या प्रकल्पांना, सूट असलेले वगळता, जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी सूचना, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतल्या दैनिकात. प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायतीत वाचायला ठेवलेला असतो. मराठी सारांश तरी वाचून जा.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही आणि हात वर करून मतदानही होत नाही. पाचशे लोकांनी 'नको नको' म्हटलं तरी इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी विरोध केला' अशी एक ओळ येऊ शकते. पण एकाने उठून विचारलं की 'मळीमिश्रित पाणी कुठल्या ओढ्यात जाणार, तो ओढा पंचगंगेला कुठं मिळतो आणि अहवालाच्या कुठल्या पानावर ते लिहिलंय', तर प्रश्न नोंदवावा लागतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचेपर्यंत मंडपातून उठू नका, आपला मुद्दा गाळला असेल तर तिथंच सांगा. ज्यांना जाणं जमत नाही, पण विषयाशी संबंध आहे, त्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावं. कागदपत्रं लागत नाहीत, नाव-पत्ता पुरतो.

रस्त्यासाठी जमीन जात असेल तर

इथं नियम कडक आहेत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली अधिसूचना निघाली की २१ दिवसांत लेखी, कारणांसह हरकत द्यायची, आणि ती त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यानेच. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि वारस नोंद झाली नसेल तर वारसाचे पुरावे आधीच काढून ठेवा. मोबदला कमी आहे ही तक्रार या टप्प्यावर चालत नाही. तिचा टप्पा पुढे येतो.

ग्रामसभा

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असलेली संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला कुणी गेलं नाही की दुसरीत पंधरा-वीस जण गावाचा आराखडा मंजूर करून मोकळे. विषय सभेआधी लेखी द्या, ठराव लिहिला जाईपर्यंत बसा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) नक्कल घ्या.

हरकतीचं पुढे काय झालं?

कळवलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. मागणी नेमकी करा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या हरकतीवर नियोजन समितीने नोंदवलेल्या अभिप्रायाची प्रत.' ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील. न्यायालयात जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. वकिलाकडे जाताना हरकतीची पोच, सुनावणीची नोटीस आणि माहिती अधिकारात मिळालेला अभिप्राय, हे तीन कागद बरोबर घ्या.