बटन शंख (उंबोनियम वेस्टिआरियम)

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील, ट्रोकिडी कुलातील लहान सागरी गोगलगाय. हिंद महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या वालुकामय किनाऱ्यांवर ती आढळते. कोकणातील पुळणींवरही तिचे शंख सापडतात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले, तेव्हा ती ट्रोकस प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) होती. उंबोनियम ही प्रजाती जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लिंकने १८०७ मध्ये स्थापली.

शंख गुंडीसारखा चपटा, गुळगुळीत व चकचकीत असतो. व्यास साधारणपणे १ ते १.५ सेंमी. नवखा संग्राहक फसतो तो रंगाला. पांढरा, राखाडी, तपकिरी, पिवळसर, गुलाबी, त्यावर कधी पट्टे, कधी नागमोडी रेषा, कधी ठिपके. एकाच पुळणीवरचे मूठभर शंख उचलले तरी दोन सारखे निघतीलच असे नाही. त्यामुळे रंगावरून वेगवेगळ्या जाती ठरवणे व्यर्थ आहे.

ओळख पटवायची तर शंख उलटा करावा. तळाच्या मध्यभागी, जिथे इतर अनेक शंखांत नाभीचे छिद्र (वेटोळ्यांच्या अक्षाशी असलेली पोकळी) दिसते, तिथे यात जाड, गुळगुळीत गादी असते आणि ती छिद्र पूर्ण झाकते. मुखाच्या आत मोत्याची झाक दिसते. या दोन खुणा एकत्र मिळाल्या की घोटाळा फारसा उरत नाही. नॅटिसिडी कुलातील लहान शंखांतही नाभीवर गादी असू शकते, पण त्यांना मोतीथर नसतो. आर्किटेक्टोनिका प्रजातीचा शंखही चपटाच. मात्र त्याची नाभी रुंद व उघडी असून तिच्या कडेला दाणेदार कंगोरा असतो. जवळची जात उंबोनियम कोस्टाटम. तिच्या वेटोळ्यांवर सर्पिल खाचा असतात, बटन शंखाची पाठ बहुधा नितळ.

ट्रोकिडी कुलातील बहुतेक गोगलगाई खडकावरचे शैवल खरवडून खातात. ही मात्र वाळूत पुरून घेते आणि कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यातले अन्नकण गाळून खाते. नॅटिसिडी कुलातील शिकारी गोगलगाई तिच्या शंखाला भोक पाडून आतले मांस खातात. रिकाम्या शंखावरचे ते गोल, कडेला उतरते भोक जातीची खूण समजू नये.

किनाऱ्यावर साचलेले शंख लाटांनी दुसरीकडून आणलेले असू शकतात. जिवंत प्राणी हवा असल्यास ओहोटीच्या वेळी ओली वाळू चाळावी. त्याच्या मुखावरचे झाकण पातळ, शृंगमय (शिंगासारख्या पदार्थाचे), गोल आणि अनेक वेढ्यांचे असते. नॅटिसिडींचे झाकण अर्धवर्तुळाकार व मोजक्या वेढ्यांचे असते.