मिरवणुकीतला बेंजो आला कुठून

नाशिकमध्ये हळदीला ‘बेंजो सांगितलाय’ म्हटलं की कुणी एका वाद्याची कल्पना करत नाही. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ढोलकी, ताशा, स्पीकर रचलेली गाडी, असा सगळा ताफा डोळ्यांपुढे येतो. ताफ्याला नाव ज्या वाद्यावरून पडलं, ती मात्र मांडीवर मावणारी एक लांबट पेटी असते. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा, उजव्या हातात तारा छेडायची पत्ती. अमेरिकेत बेंजो म्हणतात त्या वाद्याशी या पेटीचं रक्ताचं नातं नाही. नाव तेवढं तिथलं, वाद्य जपानी वंशाचं.

अमेरिकन बेंजो म्हणजे सरळ सांगायचं तर तारा लावलेला डफ. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर त्याची घडण अटलांटिकपार गेली: अर्धा कापलेला भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, आरपार घातलेली काठी आणि तारा. भोपळा आपल्या तंबोऱ्यालाही असतो, पण तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडी तबली बसते, इथे कातडं. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे याचं आजही वाजवलं जाणारं भावंड. त्यात एक तार मुद्दाम आखूड असते, आणि पाच तारी बेंजोची पाचवी तारही आखूडच असते. जमैकातल्या अशा वाद्यांचं चित्र हान्स स्लोनच्या 1707 साली छापलेल्या पुस्तकात आहे. थॉमस जेफरसनने 1781 च्या सुमारास त्याचा उल्लेख ‘बँजार’ असा केला.

भोपळा मागे पडला तो 1840 च्या दशकात. बाल्टिमोरचा विल्यम बाउचर ढोल बनवायचा. त्याने ढोलाचीच रीत बेंजोला लावली. लाकडाची पातळ पट्टी वाफवून वाकवायची, टोकं तासून एकावर एक चिकटवायची, आणि कातडं दोरीने न आवळता लोखंडी आकडे व चाकीस्क्रूने ताणायचं. आजचं कडंही तत्त्वाने तेच आहे. व्यास बहुधा 11 इंच, मेपलच्या तीन थरांची मिळून जाडी पाऊण इंचाच्या आसपास.

कातडं चढवायची पद्धत हलगी मढवणाऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. कातडं गार पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवतात, काठ तारेच्या कडीभोवती दुमडून घेतात, वरून धातूची रिंग बसवून हलकेच ओढतात आणि सावलीत किमान एक दिवस वाळू देतात. पक्का ताण त्यानंतर. ओलं असतानाच कुणी पूर्ण आवळलं, तर वाळताना ते आणखी आकसतं आणि काठाशी फाटतं.

बेंजोची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो छोटा लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती नुसती कातड्यावर उभी असते. हवा दमट झाली की कातडं सैलावतं, घोडी खाली बसते आणि तारा पडद्यांना लागून झणझणतात. श्रावणातल्या हवेत हलगी शेकूनच वाजवावी लागते, त्याचं कारणही हेच. एप्रिलच्या कोरड्या उन्हात उलट होतं: रात्री घट्ट करून ठेवलेलं कातडं दुपारी तडकतं. अमेरिकेत या कटकटीवर तोडगा निघाला तो 1957 नंतर. रेमो बेली यांनी ड्रमसाठी माइलर प्लास्टिकचं पान बाजारात आणलं आणि बेंजोवाल्यांनीही ते उचललं. आपल्या ढोलांवर फायबरचं पान आलं तेही पावसापायीच. आवाजाची उब गेली अशी तक्रार तिथेही होते, इथेही. आणि दोन्हीकडे ती खरी आहे.

आता आपली पेटी. 1912 साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ तयार केलं. ताइशो सम्राटाचा काळ त्याच वर्षी सुरू झाला आणि कोतो हे जपानचं जुनं तंतुवाद्य. दोन्ही मिळून नाव झालं. कळांची कल्पना टाइपरायटरवरून घेतलेली. कळांवर आकडे होते, त्यामुळे स्वरलिपी न शिकताही गाणं बसवता यायचं. वाद्य स्वस्त, हलकं, पेटीत बंद होणारं. 1930 च्या सुमारास ते आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. बलुचिस्तानात त्याचं बेंजू झालं, आपल्याकडे बेंजो. कातडं यात कुठेच नाही.

हाताने पेटी करणाऱ्याला लाकूड निवडण्यापासूनच डोकं लावावं लागतं. नाशिकच्या जुन्या वाड्यांचं उतरलेलं सागवान चांगलं, कारण ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि पुढे वाकत नाही. मात्र सागात तेल असतं. रंधलेल्या पृष्ठभागावर थिनरचा फडका न फिरवता गोंद लावला तर जोड वर्षभरात सुटतो. खुंट्यांकडची बाजू आणि शेवटची पट्टी जाडच हवी. 600 मिमी लांबीची, पाव मिमी जाडीची पोलादी तार काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या स्वराला) लावली की तिच्यावर सव्वाचार किलोच्या आसपास ताण येतो. अशा चार तारा म्हणजे सतरा किलो, तेही चोवीस तास. पातळ तळ कमानीसारखा उचलला जातो आणि मग वाद्य कितीही लावा, उतरतच राहतं.

खरी कारागिरी कळांत आहे. कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी तारेवर येते आणि वाजणारी लांबी कमी होते. जागा ठरवायचा हिशेब सोपा: उरलेल्या लांबीला दर वेळी 17.817 ने भागायचं आणि तेवढं पुढे सरकायचं. 600 मिमीच्या तारेवर पहिला अर्धस्वर 33.7 मिमीवर पडतो, पंचम 199.5 मिमीवर आणि वरचा सा बरोबर 300 वर. एवढं काटेकोर मोजूनही पेटी बेसूर निघते, आणि दोष बहुतेक वेळा मापात नसून खोलीत असतो. कळ तारेला खाली ढकलते तेव्हा तार ताणली जाते आणि स्वर चढतो. तारेच्या मध्यावर 2 मिमी दाबलं तर साधारण 4 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, 4 मिमी दाबलं तर 17–18. खोली दुप्पट झाली की चूक चौपट. खुंट्यांकडच्या पहिल्या कळीवर तर 2 मिमीलाच 20 सेंटच्या आसपास फरक पडतो आणि तो कुणाच्याही कानाला खटकतो. म्हणून त्या टोकाची पट्टी कानशीने घासून तारा जितक्या खाली नेता येतील तितक्या न्यायच्या, फक्त मोकळी तार झणझणू द्यायची नाही. अनेक जण ही पायरी गाळतात आणि दोष तारांना देतात.

मिरवणुकीने यात आणखी एक बदल केला. ढोल-ताशांपुढे पोकळ पेटीचा आवाज टिकणं शक्यच नव्हतं, म्हणून तारांखाली पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग, आला. स्पीकर शेजारी असला की पोकळ पेटी स्वतःच घुमायला लागते आणि शिटी वाजते. त्यामुळे खोका उथळ आणि जड झाला. लाकडाच्या गोडव्याला फारशी किंमत उरली नाही. आता किंमत आहे ती पिकअपच्या अर्थिंगला. तारा आणि धातूच्या कळा अर्थला जोडल्या नसतील तर जनरेटरवर वाद्य सतत गुणगुणतं, आणि वाजवणाऱ्याने तारांना हात लावला की गुणगुण बदलते. ती खूण दिसली की सोल्डर तपासायचं, अँप नाही.

मिरवणुकीतून परतलेल्या पेटीत सर्वात जास्त त्रास देतो तो गुलाल. तो कळांच्या खाचांत जातो, आणि कळ अडकली म्हणून कुणीतरी वरून शिलाई मशीनचं तेल सोडतं. दोन दिवसांत त्याचा लगदा होतो आणि दाबलेली कळ वर येतच नाही. अशा वेळी कळा सोडवून तेलाचा लगदा थिनरच्या कापडाने पुसायचा आणि खाच पूर्ण वाळू द्यायची. पुढे फक्त कोरडा ब्रश फिरवायचा आणि खाचेत पेन्सिलच्या शिशाची चिमूटभर पूड टाकायची.