ऑक्टलमधून हेक्साडेसिमलमध्ये जाताना डेसिमल लागत नाही

ऑक्टल (आठ पायाची) संख्या हेक्साडेसिमलमध्ये (सोळा पायाच्या पद्धतीत) नेण्यासाठी ती आधी डेसिमलमध्ये (नेहमीच्या दशमान पद्धतीत) आणलीच पाहिजे, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या मार्गाने उत्तर चुकत नाही. मात्र आठाच्या घातांचे गुणाकार आणि मग सोळाने पुन्हा पुन्हा भागाकार हा सारा खटाटोप अनावश्यक आहे. ८ आणि १६ हे दोन्ही २ चे घात असल्यामुळे ऑक्टलचा प्रत्येक अंक नेमक्या तीन आणि हेक्साडेसिमलचा प्रत्येक अंक नेमक्या चार बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ हा द्विमान अंक) असतो, म्हणून केवळ बिटांचे गट बदलले की काम होते.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलच्या परवानग्यांसाठी नेहमी दिसणारी ७५५ ही ऑक्टल संख्या घ्या. तिचे बिट १११ १०१ १०१. हेच नऊ बिट उजवीकडून चार-चारांनी तोडले की १ १११० ११०१ असे गट पडतात, म्हणजेच १ईडी (हेक्साडेसिमलमध्ये ई म्हणजे १४ आणि डी म्हणजे १३). पडताळाच हवा असेल, तर दोन्हींची डेसिमल किंमत ४९३ येते.

खरी चूक होते ती डावीकडून गट पाडल्याने. अपूर्णांकात मात्र बिंदूपासून उजवीकडे मोजायचे आणि अपुऱ्या गटाला शेवटी शून्य जोडायचे: ऑक्टल ०.३ म्हणजे ०११, त्याचे ०११० झाले की हेक्साडेसिमल ०.६ मिळते. शून्य पुढे लावले, तर ०.३ असे निम्मेच उत्तर येईल.

उलट दिशेला हेच बिट तीन-तीनांनी तोडायचे.