अपकृत्य कायद्यातील सुधारणा (अमेरिका)

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा सदोष मालामुळे इजा झालेल्यांच्या दिवाणी दाव्यांना आणि त्यांतील भरपाईला आळा घालू पाहणारी, १९७० च्या दशकात जोर धरलेली अमेरिकी चळवळ. विमा कंपन्या, उत्पादक आणि डॉक्टरांच्या संघटना तिच्या बाजूने. वादींचे वकील आणि ग्राहकसंघटना विरोधात.

अमेरिकेत दावा लावणे तुलनेने सोपे आहे. इजेच्या दाव्यांत वकील बहुधा जिंकल्यावरच फी घेतो, साधारणतः भरपाईचा तिसरा हिस्सा. इंग्लंडात हरणाऱ्यावर समोरच्याच्या वकिलाचा खर्च पडतो. अमेरिकेत सहसा पडत नाही. शिवाय भरपाई अनेकदा ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचे पंचमंडळ, ठरवते. सदोष मालाबद्दल उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. १९७७ मध्ये वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली.

डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते भडकल्यावर कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय दाव्यांतील वेदना व मनस्तापाच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. महागाई वाढत गेली, आकडा मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत तोच राहिला. बुडालेले उत्पन्न आणि उपचारखर्च या मर्यादेबाहेर होते. त्यामुळे तिची झळ कमाई नसलेल्यांना, म्हणजे मुले, वृद्ध व गृहिणींना, जास्त बसली. टेक्ससने २००३ मध्ये हाच मार्ग धरला. इलिनॉय व जॉर्जियातील अशा मर्यादा तेथील सर्वोच्च न्यायालयांनी २०१० मध्ये रद्द केल्या.

चळवळीला सर्वाधिक बळ दिले ते किश्श्यांनी. १९९४ मध्ये गरम कॉफीने भाजलेल्या वृद्धेला ज्युरीने मॅकडॉनल्ड्सकडून २७ लाख डॉलरची दंडात्मक (नुकसानीखेरीज, शिक्षा म्हणून द्यायची) भरपाई देववली, हे सर्वतोमुखी झाले. तिला त्वचारोपण करावे लागले, कंपनीकडे आधीच सुमारे ७०० तक्रारी होत्या आणि न्यायाधीशाने ती रक्कम ४ लाख ८० हजारांवर आणली, हे फारसे कुणी सांगत नाही.

खटल्यांचा पूर आला आहे, हे चळवळीचे म्हणणे तपासून घ्यावे लागते. राज्य न्यायालयांतील दिवाणी कामात कर्जवसुली आणि भाडेकरूंविरुद्धच्या दाव्यांचा वाटा मोठा असतो. इजेचे दावे त्यामानाने थोडे. न्यूयॉर्कमधील १९८४ च्या रुग्णालयीन नोंदींवर हार्वर्डच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, निष्काळजीपणाने इजा झालेल्या बहुसंख्य रुग्णांनी दावाच लावला नसल्याचे आढळले. जे दावे लागतात, त्यांतलेही बहुतेक तडजोडीने मिटतात किंवा सुनावणीआधीच निकाली निघतात: संघीय न्यायालयांत प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोचणाऱ्या दिवाणी खटल्यांचे प्रमाण १९६२ मध्ये ११.५ टक्के होते, २००२ मध्ये १.८.