लाइन

लाइन : इंग्रजीतून आलेले मराठी नाम, स्त्रीलिंगी. रेघ, ओळ, रांग, रेषा, तार हे आपले जुने शब्दही स्त्रीलिंगीच, त्यामुळे ‘ती लाइन’ म्हणताना कुणाची जीभ अडखळली नसावी. ठाणे आणि नवी मुंबईत हा शब्द दिवसभर कानावर पडतो, पण नुसते ‘लाइन’ म्हटल्याने काहीच कळत नाही. पुढचे क्रियापद ऐकले की अर्थ उलगडतो. शब्द इंग्रजीने दिला, त्याचे बरेचसे अर्थ मात्र मराठी क्रियापदांनी घडवले आहेत.

मूळ शब्द लॅटिनमधला. ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या धाग्यापासून वळलेली दोरी ती ‘लिनेआ’. हा पहिला अर्थ आजही बांधकामावर भेटतो. घणसोलीत किंवा घोडबंदर रोडला कुठेही भिंत चढताना पाहावी. गवंडी दोन्ही टोकांना खिळे ठोकून त्यांत दोरी ताणून बांधतो, विटांचा थर तिला धरून लावतो आणि थर पुरा झाला की दोरी वर सरकवतो. तिला म्हणतात लाइनदोरी. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि तरी जोडशब्द खटकत नाही.

या भागात सर्वांत रुळलेला अर्थ रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, सुमारे ३४ किलोमीटर. आज ‘कुठल्या लाइनला राहता?’ हा ओळख होतानाचा प्रश्न आहे. सेंट्रल लाइन आणि हार्बर लाइन होत्याच. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर सुरू झाली आणि ठाण्याहून ऐरोली, रबाळे, तुर्भे करत वाशीला जाणे सोपे झाले. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचली. लाइनचे नाव सांगितले की राहण्याचा पट्टा, गर्दीची वेळ आणि रविवारच्या मेगाब्लॉकचा त्रास, सगळे समोरच्याला कळते.

रांगेचा अर्थ याच्या जवळचा, तरी व्याकरण वेगळे. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षासाठी संध्याकाळी उभे राहिले की कुणीतरी म्हणतेच, ‘ओ काका, लाइनीत या.’ इथे ‘भिंत, भिंतीत’ सारखे सामान्यरूप होते. रेल्वेच्या अर्थी मात्र ते होत नाही : ‘हार्बर लाइनला राहतो’ असेच म्हणतात, ‘हार्बर लाइनीत’ कुणी म्हणत नाही. रांगेची लाइन पुरती मराठी झाली आणि रुळांची अजून थोडी पाहुणी राहिली, असे मला वाटते.

विजेची लाइन जाते आणि येते. ती दुरुस्त करतो तो लाइनमन. फोनची लाइन लागते, तुटते, बिझी असते. मोबाइल हातात आला, तारा गेल्या, पण बोलणे बदलले नाही. आमच्या घरी एकदा आई म्हणाली होती, ‘लाइन गेली म्हणून लाइनमनला फोन लावतेय, तर लाइनच लागेना.’ एका वाक्यात तीन वेळा लाइन, आणि ऐकणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागले नाही. पाण्याची, गॅसची, ड्रेनेजची लाइन मात्र ‘टाकतात’.

धंदा किंवा पेशा हाही अर्थ जुना आहे : ‘पोरगा कुठल्या लाइनमध्ये आहे?’ तो कामाधंद्याला लागला की ‘लाइनला लागला’, बहकलेला सुधारला की ‘लाइनवर आला’. फोनवरचा माणूसही ‘लाइनवर’च असतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाची लाइन आणि लेंथ, नाटकात नटाने विसरलेली लाइन, पोलिसांच्या वसाहतीला पोलीस लाइन. ‘लाइन मारणे’ कॉलेजच्या कट्ट्यावर हलकेफुलके वाटते. ज्या मुलीच्या वाट्याला ते येते तिला मात्र त्याचा त्रासच होतो.

काही जागा जुन्या शब्दांनी सोडलेल्या नाहीत. कवितेची ओळच असते, तळहातावर रेषाच असतात. शाळकरी मुलांची वहीही दुरेघी आणि चाररेघीच आहे. त्यातली चाररेघी तर इंग्रजी अक्षर गिरवण्यासाठी असते.