दुसरा डोस देण्यापूर्वी : जंताचे औषध जंताच्या नसांवर काय करते

आमच्या दुकानातून जनावरासाठी जंताचे औषध नेलेल्या ग्राहकांकडून दुसऱ्या दिवशी येणारी तक्रार बहुधा ठरलेली असते : "जंत पडले, पण ते वळवळत होते, म्हणजे औषध लागू पडले नाही." काहीजण सांगतात की काहीच पडले नाही, तर पिसवांची गोळी दिलेले काहीजण सांगतात की पिसवा कमी होण्याऐवजी अंगावर जास्तच धावू लागल्या. या तिन्ही वेळी बहुतेक प्रसंगी औषध आपले काम करत असते. अडचण अशी की, आम्हाला विचारण्याआधीच दुसरा डोस दिलेला असतो किंवा घरात उरलेले दुसरेच एखादे औषध पाजलेले असते. त्यानंतर आलेल्या जनावराला नेमके काय झाले आहे हे शोधण्यात पशुवैद्यांचाही वेळ जातो आणि आपलाही.

प्रत्येक जंतनाशक जंताला जागच्या जागी ठार करते असे नाही. त्यांतील अनेक औषधे त्याच्या नसा आणि स्नायू यांचे काम बंद पाडतात. चेतापेशीच्या पटलात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात, त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. सोडियम किंवा कॅल्शियमची दारे उघडली की पेशी उत्तेजित होते आणि स्नायू आकुंचन पावतो. क्लोराइडची दारे उघडली की पेशीच्या आतला ऋण विद्युतभार वाढतो आणि ती संदेश पाठवण्याच्या स्थितीत राहत नाही. आतड्यातल्या गोल जंताला तिथे टिकून राहण्यासाठी सतत हालचाल करावी लागते, कारण आतड्याची हालचाल त्याला अखंड पुढे ढकलत असते. त्याचे स्नायू काही तास जरी निकामी झाले, तरी तो विष्ठेबरोबर बाहेर येतो, आणि त्या वेळी तो जिवंत असू शकतो. म्हणून विष्ठेत वळवळणारा जंत दिसला तर औषध वाया गेले असे समजू नये.

पायरँटेल आणि लेव्हॅमिसोल ही औषधे जंताच्या स्नायूंवरील ॲसिटिलकोलिनच्या (नसेचा संदेश स्नायूला देणाऱ्या रसायनाच्या) ग्राहींना, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात, त्या वाहिन्या उघड्या ठेवतात आणि जंत ताठरून जातो. पिपराझिन नेमके उलटे करते : ते नसांना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाप्रमाणे वागते, क्लोराइडला आत येऊ देते आणि जंत सैल पडतो. पायरँटेल दिल्यावर "खात्रीसाठी" घरातले पिपराझिन पाजले, तर एक औषध स्नायू ताठरवते आणि दुसरे तोच स्नायू सैल करते. दोन औषधांचा परिणाम दुप्पट होण्याऐवजी ती एकमेकांचा परिणाम मारतात. ही दोन औषधे आम्ही एकाच वेळी देत नाही. त्यावरून काही ग्राहक नाराज होतात, पण कारण एवढेच आहे.

आयव्हरमेक्टिनचा मार्ग वेगळा आहे. ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने उघडणाऱ्या क्लोराइड वाहिन्या जंतांमध्ये आणि कीटकांमध्ये असतात, सस्तन प्राण्यांमध्ये नसतात. आयव्हरमेक्टिन त्या वाहिन्या उघडून धरते. जंताच्या घशाचा स्नायू अन्न ओढण्याचे काम करतो, तोही लुळा पडतो. या औषधसमूहाच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो उगाच नव्हे. मात्र पट्टकृमी (पट्टीसारखे लांब चपटे जंत) आणि पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) यांच्यावर ते चालत नाही. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल लागते. त्यामुळे कॅल्शियम आत घुसते, कृमी आखडतो, त्याची बाहेरची त्वचा फाटते आणि पुष्कळदा तो आतड्यातच पचून जातो. विष्ठेत काहीच न दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. फेनबेंडाझोलसारखी औषधे तर वाहिन्यांवर काम करतच नाहीत. ती जंताच्या पेशीत ने-आण करणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू देत नाहीत, आणि जंत काही दिवसांत हळूहळू उपासमारीने मरतो. अशा औषधाचा निकाल दुसऱ्या सकाळी मागणे योग्य नव्हे.

पिसवा जास्त धावताना दिसतात त्याचेही कारण वाहिन्यांतच आहे. फ्लुरॅलॅनर, ॲफॉक्सोलॅनर यांसारखी औषधे पिसवांच्या आणि गोचिडांच्या क्लोराइड वाहिन्या बंद करतात. शांत करणारा संदेश थांबल्यामुळे त्यांच्या नसा अनावरपणे पेटतात आणि त्या मरण्यापूर्वी बेफाम धावतात. ज्या कुत्र्याला पूर्वी आकडी आलेली आहे, त्याच्यासाठी ही गोळी घेताना तसे आम्हाला जरूर सांगावे.

आता मूळ चुकीकडे येतो. दुसऱ्या डोसची घाई का धोक्याची आहे? औषध जंतावर चालते आणि जनावराला इजा करत नाही, हा फरक दर वेळी वेगळ्या कारणाने टिकलेला असतो, आणि त्याला मर्यादा आहे. पायरँटेल आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, म्हणून सुरक्षित आहे. लेव्हॅमिसोल शोषले जाते आणि तसेच ग्राही जनावराच्या अंगातही असतात, म्हणून थोडा जास्त डोसही लाळ गळणे, थरथर आणि हगवण घडवू शकतो. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत सस्तन प्राण्यांच्या मेंदूत गाबाच्या वाहिन्या असतातच, आणि तिथे पोहोचले तर ते त्यांवरही चालते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतले एक प्रथिन औषधाला सतत बाहेर ढकलत असते, म्हणून औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. कॉली आणि तिच्या जवळच्या काही जातींतल्या अनेक कुत्र्यांमध्ये या प्रथिनाच्या जनुकातील डीएनएची चार अक्षरे गळलेली असतात, आणि तो पहारा उरत नाही.

आकडे पाहा. गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते आणि ते ५० किलो वजनाला पुरते, म्हणजे किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. तेच १ मिली कोणी १० किलोच्या कुत्र्याला दिले, तर किलोमागे १,००० मायक्रोग्रॅम होतात. हृदयकृमी रोखण्यासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा लागतात ते किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. गुरांची बाटली कुत्र्यासाठी मागणाऱ्याला आम्ही ती देत नाही, यामागे हा हिशेब आहे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, तोल जाणे, लाळ, कंप, न दिसणे, बेशुद्धी ही विषबाधेची लक्षणे आहेत. त्यावर नेमका उतारा नाही. फक्त आधार देत राहावे लागते, आणि औषध शरीरातून निघून जायला अनेक दिवस लागू शकतात.

ठरवून दिलेला दुसरा डोस ही वेगळी गोष्ट आहे. पिल्लांच्या शरीरात फिरणाऱ्या अळ्यांवर आतड्यातले औषध पोहोचत नाही. त्या नंतर आतड्यात उतरतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा औषध द्यावे लागते. ती तारीख आम्ही पाकिटावर लिहून देतो, आणि दुसरी मात्रा त्याच दिवशी द्यावी. तारखेआधी देऊन काही साधत नाही.

डोस कमी पडला तरी नुकसान होते. अर्धवट लुळे झालेले जंत सावरतात, आणि त्यांतले जे मुळातच कमी संवेदनशील वाहिन्या बाळगून असतात त्यांचीच पिढी पुढे वाढते. म्हणून "साधारण वीसएक किलो असेल" या अंदाजावर आम्ही बाटली देत नाही. दुकानात ठेवलेल्या वजनकाट्याचा उपयोग करावा. ग्राहकांकडून त्यासाठी काही आकारत नाही. कळपासाठी औषध घेताना सरासरीऐवजी सर्वांत जड जनावराचे वजन धरणे बरे, मात्र कळपात लहान-मोठी जनावरे असतील तर त्यांचे गट वेगळे करावेत.

औषध लागू पडले की नाही, हे ठरवायचे तर विष्ठेची तपासणी करावी. डोसच्या आदल्या दिवशी एक नमुना आणि सुमारे १४ दिवसांनी दुसरा, असे दोन आणले तर अंड्यांची संख्या किती घटली ते आम्ही मोजून सांगतो, आणि फरक पडलेला नसेल तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलतो. नमुना ताजा असावा, स्वच्छ डबीत घालून थंड ठेवावा, आणि डबीवर जनावराचे नाव व तारीख लिहावी. उन्हात राहिलेल्या नमुन्यातली काही अंडी उबून अळ्या होतात आणि मोजणी चुकते. जनावराला दिलेल्या औषधाचे रिकामे पाकीटही त्याच डबीबरोबर आणावे, म्हणजे कोणते औषध दिले ते विचारण्याचा वेळ वाचतो.